फ्रेंचमधलं 'आव्वार' बोलताना नेमकं कुठं वापरायचं? ॲपवर पाठ झालंय पण तोंडात येत नाही

साडेबाराचा_डबा
नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. आमचा एक कस्टमर फ्रान्सचा आहे, त्यांची माणसं वर्षातनं दोनदा येतात, इंग्रजी येतंय त्यांना, पण जेवायच्या टेबलावर आपसात फ्रेंच सुरू झालं की आम्ही नुसता भात कालवत बसतो. म्हणून सहा महिने झाले, फोनवरचं ॲप आणि यूट्यूब बघून शिकतोय. नमस्कार, आभार, आकडे, वार एवढं जमलं. घोडं अडलंय ते एका क्रियापदापाशी, आव्वार. ॲपमध्ये त्याचा अर्थ हॅव असा दिलाय. जे, त्यू आ, इल आ, नूझाव्हों, व्हूझाव्हे, इल्झों हे पाढ्यासारखं पाठ आहे, झोपेतनं उठवून विचारा. पण बोलायला गेलो की गाडी बंद.

आता झालेला घोळ सांगतो. मे महिन्यात लाईट गेलेली, एसी बंद, आणि व्हिडिओ कॉल चालू. समोरच्यानं विचारलं सगळं ठीक ना, तर मी आपलं मोठ्या उत्साहानं 'मला गरम होतंय'चं इंग्रजी केलं, आय ॲम हॉट, आणि त्याचं फ्रेंच केलं, 'ज स्वी शो'. तिकडं दोन सेकंद शांतता, मग एकानं हेडफोन काढून तोंड फिरवलं, खांदे हलत होते त्याचे. त्यांचे सीनियर होते ते इंग्रजीत म्हणाले की असं नाही म्हणायचं, 'जे शो' म्हणा. पण मी काय बोललो हे काय त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

तर प्रश्न असा की कुठं आव्वार आणि कुठं ते दुसरं, एत्र (म्हणजे असणे, 'ज स्वी' त्याचंच रूप), हे कळायचं कसं? गरम होणं ही काय जवळ बाळगायची वस्तू आहे का? आणि दुसरं म्हणजे मराठीतनं इंग्रजी, इंग्रजीतनं फ्रेंच असा प्रवास होईपर्यंत समोरचं ताट उचललं जातंय, ह्याला काय उपाय?

उगंच_आलो
गूगल ट्रान्सलेट आहे की. फोन पुढं धरायचा, विषय कट.

तांबडा_पांढरा
@उगंच_आलो जेवताना कुठं धरणार, रश्श्यात?

@डबा, भावा पहिलं तुझी उत्सुकता भागवतो. 'ज स्वी शो' म्हंजे उकडतंय असं होत नाही. मित्रामित्रांत कुणी म्हटलं तर 'चल, मी तयार आहे, जाऊया' असा अर्थ निघतो, नाहीतर मग दुसरा अर्थ, तो मी इथं लिहीत नाही, घरातली माणसं पण वाचतात. आणि बाईमाणसानं 'ज स्वी शोद' म्हटलं तर फक्त तो दुसराच अर्थ डोक्यात येतो लोकांच्या. तू पुरुष आहेस म्हणून हसण्यावर निभावलं, जास्त मनाला लावून घेऊ नको. मी तीन वर्षं तुलूजला होतो कामानिमित्त, मी ह्याच्यापेक्षा वाईट बोललोय. जेवण झाल्यावर पोट भरलं म्हणून 'ज स्वी प्लॅं' म्हणालो एकांच्या घरी. ते गाभण जनावरासाठी वापरतात नाहीतर दारू पिऊन टल्ली झालेल्यासाठी. यजमानीणबाई हसून हसून बसल्या खाली.

आता मुद्द्याचं. तू इंग्रजीतनं जायचं सोड, तिथंच सगळी माती होते. इंग्रज म्हणतो मी भुकेला आहे, मी थंड आहे, मी घाबरलेला आहे, सगळीकडं 'आहे'. फ्रेंच माणूस तसं म्हणत नाही आणि मर्दा आपण तरी कुठं म्हणतोय? आपण काय म्हणतो बघ. भूक लागते. झोप येते. थंडी वाजते. भीती वाटते. डोकं दुखतं. गरमीचं तर नुसतं उकडतं, कर्ता पण नाही त्यात. एवढी पाच-सहा वेगवेगळी क्रियापदं आपण लहानपणापासनं न चुकता लावतोय, भूक वाजली आणि थंडी लागली असं कधी बोललास का? बरं थंडी लागते म्हणतात काही ठिकाणी, ते सोड. फ्रेंचवाल्यांनी ह्या सगळ्याला एकच पोतं केलंय, आव्वार.

जे फॅं, भूक लागलीय.
जे स्वाफ, तहान लागलीय.
जे सोमेय, झोप येतीय.
जे फ्र्वा, थंडी वाजतीय.
जे शो, उकडतंय.
जे पर, भीती वाटतीय.
जे माल आ ला तेत, डोकं दुखतंय. पाठ असेल तर जे माल ओ दो, दात असतील तर जे माल ओ दाँ.

म्हंजे मराठी शिकणाऱ्या फ्रेंच माणसाची कीव कर तू, त्याला पाच पाठ करायची, तुला एकच. हॅव हा अर्थ डोक्यातनं पुसून टाक आणि आव्वार म्हंजे 'लागणं' असं धर, बघ कसं सुटतंय.

उच्चाराचं एक, हा 'जे' मधला ज आपला जेवणातला न्हाई, टेलिव्हिजन म्हणताना शेवटी जो घासून येतो ना तसला. आणि फॅं म्हणताना नाकातनं सोडायचं, शेवटी म किंवा न म्हणून तोंड मिटायचं न्हाई.

आणि गरमीचे तीन प्रकार आहेत ते एकदाच नीट बघून ठेव, कारण तू नेमका तिथंच पडलायस. माणसाला उकडतंय, तर आव्वार, जे शो. बाहेर ऊन तापलंय, तर तिथं तिसरंच क्रियापद येतं, करणे, 'इल फे शो', हवा गरम करते असं काहीतरी. आणि वस्तू गरम आहे, समजा रस्सा, तर तिथं मात्र एत्र, 'से शो', गरम आहे. तू स्वतःला रश्श्याच्या लाईनीत बसवलंस.

निवांत_पेन्शनर
चर्चा आवडली. मी फ्रेंचचा जाणकार नाही, तरुणपणी थोडं रशियन आणि रिटायर झाल्यावर नातवाबरोबर फ्रेंच, तो शाळेत शिकतो आणि मी त्याच्या मागं बसून. मला जे एक दिसलं ते सांगतो, चुकत असेल तर दुरुस्त करा.

मूळ अडचण अशी आहे की मराठीत 'हॅव' नावाचं क्रियापदच नाही. माझ्याकडे गाडी आहे, मला दोन भाऊ आहेत, तिचे डोळे घारे आहेत, त्याला ताप आहे. प्रत्येक ठिकाणी 'आहे'च आहे, फक्त अलीकडचा शब्द बदलतो, माझ्याकडे, मला, तिचे, त्याला. रशियनमध्येही साधारण असंच, माझ्यापाशी आहे म्हणतात. त्यामुळं आपला माणूस आव्वार बघितल्यावर बिचकतो ते साहजिक आहे, त्याच्या घरात ती वस्तूच नाही.

पण म्हणूनच नातवाला मी एक खूण सांगितली. मनातलं वाक्य मराठीत आधी नीट उभं करायचं. ते 'मला'नं सुरू होत असेल तर फ्रेंचमध्ये 'जे'. 'मी'नं सुरू होऊन 'आहे'वर किंवा 'लोय'वर संपत असेल तर 'ज स्वी'. मला भूक लागलीय, जे फॅं. मला ताप आहे, जे द ला फ्येव्र. मला वेळ नाही, मला गरज आहे, मला लाज वाटते, मला दोन भाऊ आहेत, सगळीकडे जे. उलट मी दमलोय, ज स्वी फातिगे. मी आजारी आहे, ज स्वी मालाद. मी खूश आहे, ज स्वी कोंताँ. नातू म्हणतो आजोबा, वर्गात कुणालाच हे माहीत नाही.

वयाचं बघा. 'मी तीस वर्षांचा आहे' म्हणून गेलात तर फसाल. पण जुनी माणसं 'मला तिसावं लागलं' म्हणतात ते धरा, मग बरोबर 'जे त्राँत आँ' येतं. मला तीस वर्षं लागली, अगदी तसंच.

आणखी एक गंमत म्हणून, आव्वार हे लॅटिनमधल्या 'हाबेरे'वरून आलंय, आणि इंग्रजी हॅव दिसायला जवळचं वाटलं तरी त्याचं कूळ वेगळं आहे. चेहरा सारखा म्हणून सख्खा भाऊ समजायचं कारण नाही.

माहेर_मंगळवारपेठ
मी पुण्यात फ्रेंच शिकवते, माहेर कोल्हापूर, त्यामुळे राहवलं नाही.

काकांची 'मला' आणि 'मी'ची खूण फार सुंदर आहे आणि मी ती उद्यापासून वर्गात वापरणार आहे, परवानगी न घेता. पण ती आंधळेपणानं लावू नका. 'मला आवडतं' याला फ्रेंचमध्ये स्वतःचं क्रियापद आहे, जेम. 'मला माहीत आहे', ज से. 'मला वाटतं' मत म्हणून असेल तर ज पाँस. 'मला आनंद झाला' हे परत एत्रकडे जातं. म्हणजे खूण शरीराच्या आणि गरजेच्या गोष्टींना चोख लागते, आवडीनिवडी आणि ज्ञान आलं की जपून. 'मला कंटाळा आला' हा मधला प्रकार, साधा कंटाळा असेल तर वेगळं क्रियापद, पण अगदी वीट आला असेल तर 'जाँने मार', यात आव्वार आहेच, ऐकू येत नाही इतकंच. आणि तिसाव्याबद्दल सांगायचं तर काका, आपल्याकडे तिसावं लागलं म्हणजे एकोणतीस पूर्ण. फ्रेंच माणूस पूर्ण झालेली वर्षं मोजतो. तेवढं सांभाळा, नाहीतर फॉर्मवर एक वर्ष जास्त लागेल.

@तांबडा_पांढरा, तुमची यादी बरोबर आहे, त्यात तीन भर घालते, कारण ऑफिसात यांचीच गरज जास्त. 'जे बझ्वॅं द', मला अमुकची गरज आहे. 'जे आँव्ही द', अमुक खावं प्यावं करावंसं वाटतंय. चहाची तलफ आली की 'जे आँव्ही दॅं ते'. आणि 'व्हूझाव्हे रेझों', तुमचं बरोबर आहे. इथं मराठीत 'तुमचं' आहे, 'तुम्हाला' नाही, म्हणून काकांची खूण चालत नाही, हे तसंच पाठ करा.

आता चुका. माझे विद्यार्थी वर्षानुवर्षं त्याच करतात. एक, खूप भूक लागली म्हणून 'जे बोकू फॅं' म्हणतात. तसं नाही, 'जे त्रे फॅं'. व्याकरणाच्या हिशेबानं भूक हे नाम आणि त्रे हे विशेषणाला लागणारं, म्हणून जुने लोक नाक मुरडायचे, पण सगळा देश असंच बोलतो. दोन, नकार. पुस्तकात 'ज ने पा फॅं' असं दोन तुकड्यांचं नकार असतं, बोलताना पहिला तुकडा गळतो आणि राहतं 'जे पा फॅं'. ऐकताना पहिला तुकडा शोधत बसू नका. आणि भाऊ नाही, गाडी नाही असं असेल तर पा नंतर 'द' लागतो, जे पा द फ्रेर, जे पा द व्वात्युर. पण भूक नाही, थंडी नाही, यांना तो 'द' लागत नाही. वेळ नाही याला तर 'ल' राहतो, जे पा ल ताँ. का, असं विचारू नका, मीही विचारलं होतं, माझ्या सरांनी खांदे उडवले होते, फ्रेंच पद्धतीनं.

तीन, आणि ही सगळ्यात महाग चूक. 'इल्झों' म्हणजे त्यांच्याकडे आहे. 'इल्सों' म्हणजे ते आहेत. फरक फक्त मधल्या झ आणि स चा. मराठी माणसाला दोन्ही अक्षरं येतात, आळस करू नका, झ झाडातला पण मऊ.

तांबडा_पांढरा
@माहेर बाई तुमच्यापुढं आम्ही काय बोलणार, पण पुण्यात राहून तुम्ही 'परवानगी न घेता' म्हणालात तिथं कोल्हापूर दिसलं. 😀

डब्या, ह्यांनी सांगितलेलं बरोबर आहे पण परीक्षेचं आहे, तुला पाहिजे रस्त्यावरचं. एकच शब्द घे. 'या'. मूळ लिहितात तीन शब्दांत, इल-इ-आ, म्हणतात इल्या, आणि पटपट बोलताना नुसतं 'या' उरतं. ह्यात पण आव्वारच बसलाय. अर्थ, इथं अमुक आहे. महाद्वार रोडला दिवाळीत जाऊन ये आणि म्हण 'या द्यु मोंद', गर्दी आहे. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर गाडी लावायला गेलास, 'या पा द प्लास', जागा न्हाई. मी तुलूजला सकाळी उशिरा उठायचो, बेकरीत गेलो की बाई मान हलवून म्हणायची 'याँना प्ल्यु', संपलं. पहिले पंधरा दिवस मला वाटायचं ही बाई मला 'या' म्हणून आत बोलवतीय आणि मी आपला दारातनं आत सरकतोय. देवाशप्पथ.

आणि कुणी मेर्सी म्हटलं, आभार मानले, की 'या पा द क्वा', त्यात काय एवढं. आणि हाच 'इल्या' काळाला पण लागतो, इल्या त्र्वाझाँ म्हंजे तीन वर्षांमागं.

बरं, 'तुला' ह्याला पुस्तकात 'त्यू आ', बोलताना नुसतं 'ता'. ता फॅं? भूक लागली का? आणि तोंड पाडून बसलेल्याला, 'केस्क ता?' म्हंजे काय झालं रं तुला. पण भावा हे 'ता' कस्टमरला लावू नको, तिथं व्हूझाव्हे. आपल्या अहो-जाहो सारखंच आहे.

बोलण्याच्या स्पीडचं म्हणशील तर पाढा म्हणणं बंद कर. नूझाव्हों पाठ केलंस पण खरं सांगू, घरगुती बोलण्यात ते कमी ऐकू येतं, 'आम्ही'ला लोक 'ऑं' म्हणतात आणि मग 'ऑना फॅं', आपल्याला भूक लागलीय. इल आ सारखंच रूप, नवीन काय पाठच करायचं न्हाई. मी काय केलेलं, दिवसभर जे होईल ते मनात बोलायचं. उठलो, जे सोमेय. बसस्टॉपवर, जे फ्र्वा. दुपारी बारा वाजता, जे फॅं. साहेबांची केबिन, जे पर. पंधरा दिवसांत इंग्रजी मधनं आपोआप गळालं. अंगाला लागल्यावर जीभ बोलतीय, वहीला लागून काय होत न्हाई.

साडेबाराचा_डबा
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

पण पहिलं @तांबडा_पांढरा, मी भावा नाही, ताई आहे. कोल्हापूरची आहे म्हणून बघतो, शिकतोय, सांगतो लिहिलंय. सासर सांगलीचं असलं तरी सवय काय जात नाही. त्यामुळं तुमचं ते 'तू पुरुष आहेस म्हणून निभावलं' वाचून मला घाम फुटला, आणि परत जे शो झालं. तरी बरं मी 'शो'च म्हटलं होतं, शोद माहीतच नव्हतं. करतो-जातोनं वाचवलं म्हणायचं का काय.

आता पुढचा प्रश्न. ॲपमध्ये भूतकाळ आला आणि तिथं पण परत आव्वार. जे मांजे, मी खाल्लं. जे आँव्वाये ला फाक्त्युर, मी बिल पाठवलं. हे ठीक. पण मी गेलो ह्याला ज स्वी आले. अरे इथं का बदललं? कस्टमरला मेलचं विचारायचं असतंय रोज, त्यामुळं हे मला जास्त लागतं.

तांबडा_पांढरा
ताई माफी असावी. माझी आई पण 'मी आलो' म्हणती, मला कळायला पाहिजे होतं. 🙏

निवांत_पेन्शनर
ताई, इथंही मराठीच कामाला येते. 'त्यानं' आणि 'तो' बघा. त्यानं खाल्लं, त्यानं पाठवलं, त्यानं लिहिलं, जिथं 'नं' लागतो तिथं आव्वार. इल आ मांजे. तो गेला, तो आला, तो निघाला, जिथं नुसता 'तो', तिथं एत्र. इल ए पार्ती. स्वतःचं वाक्य असलं की 'मी'ला नं दिसत नाही, म्हणून 'त्यानं' करून बघायचं आणि मग परत 'मी'वर यायचं. नातवाच्या वहीत चौदा का पंधरा क्रियापदांची यादी आहे एत्रची, आम्ही ती पाठ न करता काम भागवतोय.

माहेर_मंगळवारपेठ
काका, अर्धं बरोबर. 'नं' असेल तर आव्वार, हे जवळजवळ नेहमी खरं. पण उलट खरं नाही. तो हसला, तो झोपला, तो नाचला, यांना मराठीत नं नाही तरी फ्रेंचमध्ये आव्वारच आहे, इल आ री, इल आ दोर्मी, इल आ दाँसे. म्हणजे नुसता 'तो' दिसला म्हणून एत्र लावायचं नाही. येणं, जाणं, निघणं, पोचणं, जन्मणं, मरणं अशी जागा किंवा अवस्था बदलणारी मोजकी क्रियापदं आहेत, ती यादी पाठ करावीच लागेल, माफ करा. आणि 'त्यानं हात धुतले' यात नं असून एत्र येतं, कारण फ्रेंच माणूस स्वतःचे हात स्वतःला धुतो, ते पुढे कधीतरी.

पण काकांची खूण जिथं खरी चमकते ते सांगते. उतरणं. 'तो उतरला', इल ए देसाँद्यु. 'त्यानं पेट्या उतरवल्या', इल आ देसाँद्यु ले केस. फ्रेंचमध्ये क्रियापद तेच, फक्त सोबत कर्म आलं की एत्र जाऊन आव्वार बसतं. इंग्रजीतून शिकणारी मुलं इथं महिनाभर रडतात. आपल्याला उतरला आणि उतरवल्या हा फरक कुणी शिकवावा लागत नाही.

अजून एक सांगू का, हे मला स्वतःला शिकवायला लागल्यावर पाच वर्षांनी कळलं. मराठीत 'मी चूक केली', केली हे माझ्यावरून नाही, चुकीवरून ठरतं. फ्रेंचमध्ये साधं वाक्य असेल तर असं काही होत नाही, जे फे युन एरर. पण वाक्य उलटं करा, 'मी केलेली चूक', तर कर्म पुढे येतं आणि क्रियापद कर्माकडे बघायला लागतं, लेरर क जे फेत. तो शेवटचा त स्त्रीलिंगी चुकीचा आहे, म्हणणाऱ्याचा नाही. चूक दोन्ही भाषांत बाईच, यावर मी काही बोलत नाही. बोलताना पुष्कळ फ्रेंच लोक हा त खातात, पण तुम्ही लावलात तर समोरचा भुवया उंचावेल, चांगल्या अर्थानं.

आणि ताई, कोल्हापूरच्या 'मी गेलो'ची काळजी नको. बाईनं लिहिताना आले या शब्दाला शेवटी एक जास्तीचं अक्षर जोडायचं, पण उच्चार पुरुषाचा आणि बाईचा अगदी एकच. बोलताना फ्रेंच तुमच्याइतकंच कोल्हापुरी आहे.

मेलची तीन वाक्यं देते, घोकून ठेवा. 'व्हूझाव्हे रस्यु ल मेल?', मेल मिळाला का. 'ऑना द्यु र्तार', आमचा उशीर होतोय, हे जपून वापरा. 'ऑना अॅं प्रोब्लेम', याचा अर्थ सांगायला नको. कधी पक्कं करावंसं वाटलं तर देल्फची, म्हणजे फ्रेंचच्या सरकारी प्रमाणपत्राची, ए-वन ही सुरुवातीच्या पातळीची परीक्षा द्या, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे पंचवीस-पंचवीस मार्कांचे चार भाग, १०० पैकी ५० ला पास, फक्त प्रत्येक भागात निदान ५ तरी पाहिजेत.

उगंच_आलो
मी गूगल ट्रान्सलेट म्हटलो ते मागं घेतो. वाचत बसलो तर रात्रीचा एक वाजला. जे फॅं.

तांबडा_पांढरा
@उगंच_आलो बिंदू चौकात काय मिळतंय का बघ.

साडेबाराचा_डबा
मंडळी, आठ दिवस झाले, रिपोर्ट देतो. तांबड्यादादांचं दिवसभर मनात बोलायचं केलं. बसमध्ये, कँटीनमध्ये, एकदा तर मोठ्यानं बोललो, शेजारच्या मॅडमनी विचारलं काय ओ, फॅन लावू का. मी जे फ्र्वा म्हणत होतो, त्यांना फॅन वगैरे काहीतरी ऐकू आलं.

परवा कॉलवर ते सीनियरच होते. म्हणाले तिकडं लई ऊन आहे का. मी आधी मनात 'मला' का 'हवा' का 'रस्सा' बघितलं आणि मग म्हणालो, 'वी, इल फे शो, ए जे शो'. हो, ऊन आहे आणि मला उकडतंय. ते म्हणाले 'आ, त्रे ब्यॅं!' आणि तो मागच्या वेळचा हसणारा होता तो ह्या वेळी पण हसला, पण सरळ बघून हसला.

मी केलेली पाच वाक्यं देतो, मॅडम तपासा. जे द्यो फ्रेर, मला दोन भाऊ आहेत. जे पा द फॅं, मला भूक नाही. जे यु पर, मला भीती वाटली. या पा द प्लास. ज स्वी प्रे, मी तयार आहे. शेवटचं आव्वारचं नाही, पण ते नोव्हेंबरमध्ये येणारेत, प्लांटवर निघायच्या आधी दर वेळी विचारतात तयार का म्हणून, त्यामुळं लागेल.

माहेर_मंगळवारपेठ
दुसरं चुकलं, तिथं द नको, जे पा फॅं, मी वर सांगितलं होतं. तिसरं पाहून फार आनंद झाला, आव्वारचा भूतकाळ 'यु' आहे हे बहुतेकांना जमत नाही, ओठ ऊ चे करून आतून ई म्हणा म्हणजे नेमकं येईल. बाकी ठीक.

पाचव्याबद्दल मात्र सांगायला पाहिजे. पुरुष 'प्रे' म्हणतो. बाईनं म्हणायचं तर शेवटचा त उच्चारावा लागतो. 'ज स्वी प्रेत.'

तांबडा_पांढरा
आगं आई गं. 😂😂

साडेबाराचा_डबा
मॅडम, तुमचा पूर्ण मान राखून सांगतो. फाउंड्रीत, भट्टीच्या शेजारी उभारून, आमच्या चार सुपरवायझरच्या देखत मी 'ज स्वी प्रेत' म्हणणार नाही. ह्या एका वाक्याला मी करतो-जातोवालीच. प्रे.